रकाना क्रमांक दोन

पिवळ्या दरवाजाजवळच्या पास-खिडकीत
एकवीस वर्षं बसतेय मी.
आडनावं समोरून बोटींसारखी जातात,
काही रिकामी, काही तुडुंब.
पोटात काय भरलंय
ते पुष्कळांना स्वतःलाच ठाऊक नसतं.

त्या मंगळवारी गाळ काढायच्या जहाजावरचा
एक लांबुडका डच इंजिनियर आला.
काचेखालून पासपोर्ट सरकवला.
योस्त. इथवर ठीक.
पुढे बारा अक्षरं, एका दमात,
आणि आमच्या कॉम्प्युटरात जागा दहाची.

"नाक्तगेबोरेन?" मी चाचपडले.
ग नाही, म्हणाला, ख.
खाकरल्यासारखा.
मला काही जमेना.
दारावरचा खलील मुकादम मागून वाकला
आणि पहिल्या फटक्यात म्हणाला, "नाक्तखेबोरन,"
जसा काही त्याच्या बारशाला हजर होता.

म्हणजे काय हो, मी विचारलं.
रांग नव्हती. चहा आलेला.
त्याने कानाची पाळी ओढली.
"उघडा जन्मलेला."

मी गळ्यातलं ओळखपत्र सुलटं करून दाखवलं:
हेमलता धर्माजी उघडे.
अर्थही सांगितला.
तो असा हसला की चहा रजिस्टरवर.

शाळेत हजेरी घेताना बाई
माझ्या नावाशी जराशा थांबायच्या,
तेवढ्यात मागचा बाक फुटायचा.
त्याच्याही वर्गात होता म्हणे असा एक बाक,
समुद्रसपाटीच्या खाली.

मग तो सांगत सुटला.
आपण मागून कर लावतो, ते पुढून फान लावतात.
फान डाइक म्हणजे बांधकर, फिसर म्हणजे कोळी,
असले तिकडे पैशाला पासरी.
याचं मात्र विरळ.
परगावी दारावर तेच नाव दिसलं
तर बेल वाजवून विचारावंसं वाटतं, कुठले तुम्ही?
मी म्हटलं, फोनच्या जुन्या जाड पुस्तकात
आम्ही उघडे एका कोपऱ्यात मावायचो,
आणि त्यातले निम्मे आत्याला नात्यातले वाटायचे.

कुणी फ्रेंच बादशहा आला, आडनावं लिहा म्हणाला,
लोकांनी चेष्टेत वाट्टेल ते लिहून दिलं,
अशी गोष्ट तिकडे घरोघर सांगतात.
"खोटी आहे. नाव बादशहाहून म्हातारं."
कप ठेवत म्हणाला,
"जाणकारांचं मत, मुळात उघडा नव्हताच.
नाखेबोरन. मागाहून जन्मलेला.
बाप गेल्यावर.
पुढे लोकांच्या तोंडात शब्द घसरला.
नागवा सगळ्यांना कळतो,
मागाहून म्हणजे कशाच्या, ते विसरतं."

मी रजिस्टरवरचा चहा पुसत राहिले.
पुसून झाल्यावरही.

धर्माजी उघडे याच गोदीत,
पोत्यांच्या थप्पीखाली.
आईला सातवा लागलेला.
तिला अनुकंपेवर झाडू मिळाला,
तिच्यामागून मला ही खिडकी.
लग्नात आडनाव टाकून दे, सुटशील, सगळे म्हणाले.
नाही टाकलं.
कुणी विचारलं तर सांगायचे,
सही बदलायचा कंटाळा.

यातलं त्याला काही बोलले नाही.
"रकाना दोन," म्हटलं, "वडिलांचं नाव?"
"खेरित."
"खेरित," मी म्हणाले,
आणि या वेळी ख बरोब्बर घशातून आला.
"आहेत?"
"आहेत की. ऐंशीचे. अजून कांदे लावतात,
आणि भाव पडला की मला फोन करून शिव्या देतात."

पास छापला. शेवटची दोन अक्षरं
पलीकडे सांडली.
ती मी पेनने लिहिली,
वर गोल शिक्का मारला,
जे नियमात बसत नाही.
खलीलने पास उलटसुलट पाहिला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि दांडा वर केला.